दूधसाहेबांचा खटला आणि कपड्यांची दोरी

४ मार्च, सोमवार

संपादकांनी आज केबिनमध्ये बोलावून खुर्ची पुढे केली, तेव्हाच ओळखलं की काहीतरी जड गळ्यात पडणार. एरवी आम्ही बोलणी उभ्यानेच खातो.

"त्या बालकल्याण संचालकांचा खटला उद्या सुरू होतोय. रोजची बातमी तुम्ही द्यायची. आणि निकालाच्या आधीच्या रविवारी एक मोठा लेख. वंशसंहार म्हणजे काय, हा गुन्हा आला कुठून, ठरवला कोणी. वाचकाला एका कप चहात कळलं पाहिजे."

"मला स्वतःला किती कप लागतील याचा अंदाज नाही," मी म्हणालो.

"तुम्ही संस्कृत शिकलेले. शब्द फोडायची तुम्हाला सवय. फोडा!"

संस्कृत शिकल्याचा मला आयुष्यात एवढाच उपयोग झाला. ऑफिसात कोणाला शब्द अडला की तो माझ्या टेबलावर आणून टाकतात, मांजराने मेलेला उंदीर आणून टाकावा तसा.

बातमीत 'मला समजलं नाही' असं लिहिता येत नाही. त्यासाठी ही दैनंदिनी.

घरी आलो तर गॅलरीतली कपड्यांची दोरी पुन्हा सुटलेली आणि माझे दोन सदरे कुंडीतल्या मातीत लोळत होते. दोरी बायको बांधते. जमिनीवर बसायचं, दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात धरायचं, दोन्ही हातांनी झरझर दोन वेढे घ्यायचे, एक तिरका पेच द्यायचा, आणि टोक दातांनी ओढायचं. मग तो फासा खिळ्यात अडकवायचा. गाठ दिसते मात्र वेणीसारखी देखणी. फक्त टिकत नाही. माझे रद्दीचे गठ्ठे जिन्यात सुटतात, प्रवासात वळकटी स्टेशनावर उलगडते. लग्नाला चोवीस वर्षं झाली, मी अजून एकाही गाठीवर विश्वास ठेवलेला नाही.

"ही वानरविद्या तुला शिकवली कोणी?" मी नेहमीचं विचारलं.

"हात आपोआप करतात हो," तिने नेहमीचं सांगितलं.

सासूबाई नेहमीप्रमाणे उठून आत गेल्या. सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडेच असतात. निवृत्त शिक्षिका. मूलबाळ नव्हतं म्हणून त्यांनी हिला पाच वर्षांची असताना बालगृहातून आणलं. हिचे आईबाप पुरात गेले होते म्हणे. त्यामुळे मुलीच्या स्वभावाचा खुलासा आईच्या स्वभावातून मिळत नाही, ही जावयाची कायमची गैरसोय.

५ मार्च, मंगळवार

न्यायालयासाठी एवढी मोठी जागा शहरात नव्हती, म्हणून जुनं नाट्यगृह घेतलंय. तांबड्या मखमलीच्या खुर्च्या, त्यांवर आम्ही. रंगमंचावर तीन देशांचे तीन न्यायाधीश, कानांना यंत्रं लावून. पडदा वर बांधून ठेवलाय. तो मध्येच पडला तर काय करायचं, याची कायद्यात तरतूद असावी.

आरोपी म्हणजे माजी बालकल्याण संचालक. मला राक्षस बघायला मिळेल असं वाटलं होतं. निघाला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा. राखाडी स्वेटर, पाणी आणून देणाऱ्या शिपायाला न चुकता 'आभारी आहे'.

आरोप असा. चाळीसेक वर्षांपूर्वी सरोवराकाठच्या वस्त्यांमधून या गृहस्थांच्या हुकमाने मुलं उचलली गेली. शहरातल्या बालगृहांत आणली. नवी नावं दिली, नवी भाषा दिली, आणि 'चांगल्या घरांत' वाटून टाकली. काठवाले म्हणजे लव्हाळ्यांच्या चटया आणि दोर विणणारे ते सरोवराकाठचे लोक. आज स्वतःला काठवाले म्हणवणारे मोजकेच म्हातारे उरलेत.

बचावाचे वकील उठले आणि म्हणाले, "महाशय, माझ्या अशिलाने प्रत्येक मुलाला रोज पेलाभर दूध दिलं." तेव्हापासून आम्ही पत्रकार आरोपीला दूधसाहेब म्हणतो.

मला पडलेला प्रश्न साधा आहे. यात एकही खून नाही. मग संहार कसला?

७ मार्च, गुरुवार

बायको शाळेच्या ग्रंथालयात काम करते. तिने माझ्यासाठी या विषयावरची तीन जाड पुस्तकं आणली. त्यांतल्या दोनांत आधीच खुणेच्या चिठ्ठ्या होत्या. शाळेत हा विषय कोण वाचतं कुणास ठाऊक.

कळलेलं टिपून ठेवतो. दुसऱ्या महायुद्धापर्यंत या गुन्ह्याला नावच नव्हतं. एका कायदेपंडिताला विद्यार्थी असताना प्रश्न पडला: एका माणसाने एका माणसाला मारलं तर तो गुन्हा, आणि राज्यकर्त्याने आपल्याच राज्यातली अख्खी जमात संपवली तर ती त्याची घरगुती बाब, असं कसं? गुरुजनांनी सांगितलं, कोंबडीवाल्याने आपल्या कोंबड्यांचं काय करावं हे शेजाऱ्याने विचारू नये. त्याला ते पटलं नाही. पुढे युद्धात तो देश सोडून पळाला. मागे राहिलेले त्याचे आप्त बहुतेक मारले गेले. परक्या देशात बसून त्याने 'जेनोसाइड' हा शब्द घडवला: ग्रीकमधलं 'गेनोस', आणि त्याला मारण्याच्या अर्थाचं लॅटिन शेपूट. 'गेनोस' म्हणजे आमच्या संस्कृतातल्या 'जनस्'चा सख्खा चुलतभाऊ! वाचून इतका आनंद झाला की चहा निवला. मग आठवलं, आपण कशाचा आनंद मानतोय ते.

युद्धानंतरच्या मोठ्या खटल्यात हा शब्द आरोपपत्रात आला, निकालपत्रात आला नाही. पण त्या माणसाने पिच्छा सोडला नाही. जो भेटेल त्या मुत्सद्द्याला बाहीला धरून थांबवायचा. सभागृहात तो दिसला की लोक वाट बदलायचे म्हणे. शेवटी १९४८ च्या डिसेंबरात राष्ट्रांनी करार केला. राष्ट्र, वंश, वर्ण किंवा धर्म यांनी बांधलेला गट, गट म्हणूनच, पूर्ण किंवा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेली कृत्यं.

आता 'अंशतः' म्हणजे किती? हेतू माणसाच्या डोक्यात असतो, तो कोणत्या शस्त्रक्रियेने काढायचा? राजकीय पक्षांचे लोक मारले तर ते यात का बसत नाहीत? तर करार करणाऱ्यांतल्या काहींना ते सोयीचं नव्हतं. तीन पुस्तकं वाचून मी परवापेक्षा जास्त गोंधळलोय. याला प्रगती म्हणायची असेल तर म्हणावी.

१० मार्च, रविवार

सकाळी चहाला आम्ही तिघं.

"अहो, ती कृत्यं किती प्रकारची?" बायको.

"पाच. ठार मारणं हे तर आलंच. शरीराला, मनाला जबर इजा करणं. माणसं जगूच शकणार नाहीत अशा हालात त्यांना मुद्दाम ठेवणं. त्यांच्यात मुलं जन्मू न देणं."

"हे चार झाले."

"पाचवा बारीकसा आहे. एका गटाची मुलं जबरदस्तीने दुसऱ्या गटात नेणं. गंमत बघ, मसुद्यात भाषा संपवणं, चालीरीती संपवणं, तेही होतं. ते सगळं राष्ट्रांनी गाळलं. हे एवढंच राहिलं."

"का राहिलं?"

"राहून गेलं असेल. पण मला सांग, याला संहार म्हणणं जरा अतीच नाही का? दूध पाजून कोणी संहार करतं?"

बायको चहा ढवळत राहिली. मी सासूबाईंकडे वळलो. "त्यातलं चांगलं पुस्तक मला हिच्याच शाळेत भेटलं," मी मुद्दाम म्हणालो. माणूस भेटतो, वस्तू मिळते, हे त्यांनी मला लग्नाच्या मांडवातसुद्धा ऐकवलं होतं. आज त्यांनी ते तसंच जाऊ दिलं.

तब्येत बरी दिसत नाही. डॉक्टरांना दाखवायला हवं.

१२ मार्च, मंगळवार

आज पहिली काठवाली साक्षीदार. सत्तरीच्या आजी, बारीक, ताठ. त्यांची भाषा येणारी एकच दुभाषी शहरात सापडली, तीही विद्यापीठात शिकलेली. आजी सांगत होत्या, तीन मुलं नेली, त्यांतली धाकटी मुलगी पाच वर्षांची. बचावाच्या वकिलांनी विचारलं, तुमचे लोक वेगळे होते याला पुरावा काय? गरीब तर सगळीकडे असतात.

आजींनी दुभाषीला काही सांगितलं. शिपायाने दोरी आणून दिली. आजी रंगमंचावर खाली बसल्या, टोक पायाच्या अंगठ्यात धरलं, वेढे घेतले, पेच दिला, टोक दातांत धरून ओढलं. मग पुढे बोटांनी अजून काहीतरी केलं, ते माझ्या जागेवरून दिसलं नाही. गाठ न्यायाधीशांकडे दिली. तिघांनी आळीपाळीने ओढून पाहिली. सुटली नाही.

"आमचं मूल चालायच्या आधी अंगठ्याने दोर धरतं," दुभाषी म्हणाली. "गाठ आम्ही एकदम शिकवत नाही. बोटांत जसं बळ येतं तसा एकेक पेच शिकवतो. दुधाचे दात पडले की शेवटचा."

बातमी रटाळ होत होती, त्यात ही मजा बरी सापडली. माझ्या रोजच्या मजकुरात घरचा एक चिमटा असतो, वाचकांना तो आवडतो. आज शेवटी लिहिलं: 'आमच्या घरीही अशीच एक कलावंत आहे. पायाचा अंगठा, दातांची ओढ, सगळं तंतोतंत तेच. फरक इतकाच, की या आजींची गाठ सुटत नाही आणि आमच्या कलावंताची टिकत नाही.'

संपादक फोनवर हसले. बऱ्याच दिवसांनी.

१३ मार्च, बुधवार

घरी कोणी हसलं नाही.

सकाळी बायको पेपर घेऊन गॅलरीत गेली आणि फार वेळ आलीच नाही. डोकावलो तर खाली बसून दोरी हातात धरलेली, बांधत नव्हती. "चिमटा जास्त बसला का गं?" विचारलं. "नाही," म्हणाली, "छान लिहिलंय." बायको छान म्हणते तेव्हा माणसाने सावध व्हावं.

दुपारी डबे ठेवायच्या फळीवर माझा मजकूर सासूबाईंनी पालथा अंथरलेला दिसला. वर जड डबे. आजवर माझी कात्रणं वहीत चिकटवणाऱ्या बाईंनी! मी मनाला लावून घेतलं.

१५ मार्च, शुक्रवार

बायको दाताच्या डॉक्टरकडे गेली. या आठवड्यात दुसऱ्यांदा. कोणता दात, विचारलं तर म्हणाली, "दुधाचा." थट्टाच करते.

नाट्यगृहात वरच्या गॅलरीत लोकांना बसू देतात. जेवणाच्या सुट्टीत तिथल्या कठड्याला एक निळी छत्री टांगलेली दिसली. हिच्या छत्रीसारखीच, मूठ तुटलेली. जगात निळ्या छत्र्या पुष्कळ असतात, आणि त्यांच्या मुठी तुटतातच.

१९ मार्च, मंगळवार

जिन्याच्या पायरीवर बसूनच लिहितोय. अक्षर लागलं नाही तर लागलं नाही.

मधल्या सुट्टीत फिर्यादी पक्षाच्या वकीलबाईंनी मला जिन्यात गाठलं. हातात माझा गेल्या बुधवारचा मजकूर.

"ही तुमच्या घरची कलावंत, म्हणजे कोण?"

"पत्नी. का? थट्टा होती ती."

"वय?"

"बायकांचं वय—"

"अहो, मी वकील म्हणून विचारतेय."

"अठ्ठेचाळीस."

"गाठ कोणाकडून शिकल्या?"

हात आपोआप करतात, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. पाच वर्षांची. बालगृह. पूर. गाठ तीन चतुर्थांश बरोबर येते आणि पुढे येत नाही. सासूबाई उठून आत जातात. वर कठड्याला निळी छत्री.

पंचवीस वर्षं बातम्या हुंगत हिंडतो मी. वकीलबाईंनी पाणी मागवलं.

२० मार्च, बुधवार

काल घरी आल्यावर कसं बोलावं याची वाक्यं जुळवत होतो. हिने भाजी चिरता चिरता माझी सोय केली.

"वकीलबाई भेटल्या ना? त्या मलाही वरच्या गॅलरीत येऊन भेटल्या."

"तुला कधी कळलं?"

"पुस्तकं आणली तेव्हा नुसती शंका होती. खटल्याची बातमी आली तेव्हापासून. मग तुमचा लेख आला." ती थांबली. "तुम्हाला लिहून कळलं नाही. मला वाचून कळलं."

रागावली असती तर बरं झालं असतं.

"आईला विचारलंस?"

"नाही. तिने सांगायला हवं. मी ओढून काढलं तर ते माझं होणार नाही."

मग म्हणाली, "आणि अहो, मला भीती वाटते. तिने सांगितलं तर माझी आई जाईल. नाही सांगितलं तर दुसरी जाईल, जी मला आठवतसुद्धा नाही."

वकीलबाईंना साक्ष हवीय. काठवाल्यांच्या वस्तीतून शहरातल्या घरात आलेलं, आता मोठं झालेलं एखादं तरी मूल हवंय, आणि ते घर. 'आम्ही घरोघरच्या आयांवर खटला भरत नाही,' असं त्यांनी हिला शपथेवर सांगितलंय. पण भर नाट्यगृहात, सगळ्यांसमोर नाव घेतलं जाणारच.

आमच्या घरात आता तिघंही हळू चालतात.

२१ मार्च, गुरुवार

सकाळी सासूबाईंनी चहाचे कप मांडले आणि वर्गात धडा सुरू करावा तशा बोलल्या. जसं बोलल्या तसं लिहितो.

"पूर वगैरे काही नव्हता. बालगृहातून आम्हाला तेवढंच सांगायला सांगितलं होतं. तू आलीस तेव्हा केस कापलेले, कपडे नवे. बोलायचीस त्यातलं काही कळायचं नाही. पण एक शब्द मला दुसऱ्याच दिवशी कळला. पाण्याला तुझ्या लोकांत जे म्हणतात तो. तू तो म्हणायचीस आणि मी भांडं भरून हातात घेऊन उभी राहायचे. द्यायचे नाही. तू 'पाणी' म्हणेपर्यंत."

"मारायचीस?" हिने विचारलं.

"छे गं! कधी आवाजही चढवला नाही. हसत उभी राहायचे. तू रडायचीस, मग म्हणायचीस. म्हटलंस की मी तुला जवळ घ्यायचे."

"किती दिवस?"

"फार नाही. तू हुशार होतीस."

मी कपातल्या सायीकडे बघत बसलो.

"तो शब्द काय होता, आई?"

सासूबाईंनी डोळे मिटले. व्याकरणाचे सगळे अपवाद त्यांना पाठ आहेत. "नाही आठवत गं," त्या म्हणाल्या. "तुझ्यातून पुसता पुसता माझ्यातूनही गेला. दोरीचं काही मला पुसता आलं नाही. ते हातांत होतं."

ही उठली. मला वाटलं आता दार आपटणार. तिने सासूबाईंचा निवलेला चहा पुन्हा गरम करून आणला, पुढ्यात ठेवला, आणि कामावर गेली. हे काय समजायचं? मी दिवसभर विचार केला. ही क्षमा होती, सवय होती, की नुसता चहा होता?

२३ मार्च, शनिवार

संपादकांना सगळं सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. "घरातच साक्षीदार! पहिल्या पानावर—"

"घरातच बायको," मी म्हणालो.

बराच वेळ टेबलावर पेन आपटत बसले. मग रोजची बातमी माझ्याकडून काढून घेतली, कारण आता मी निःपक्षपाती राहिलो नाही. लेख मात्र माझ्याकडेच ठेवला. "आता तुम्हाला विषय कळला असेल," म्हणाले. भला माणूस आहे. कळण्याबद्दल त्याच्या कल्पना फार सरळ आहेत.

२७ मार्च, बुधवार

साक्ष ही देणार होती. सकाळी निघताना सासूबाई ठेवणीतलं नेसून दारात उभ्या.

"तू बस. तुला आठवत नाही, तू काय सांगणार? मला आठवतं."

"आई, लोक तुला काय काय म्हणतील."

"म्हणू देत. चाळीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं. एकदा प्रात्यक्षिक करते."

मी आज मागच्या रांगेत, साधा प्रेक्षक. ही माझ्या शेजारी. तिने माझं मनगट धरलं होतं, अजून वळ आहेत.

सासूबाईंनी पाण्याच्या भांड्याची गोष्ट सांगितली. मग बचावाचे वकील उठले, अगदी मऊ आवाजात. "बाई, तुम्ही या मुलीवर प्रेम केलंत ना?"

"हो."

"तिचं वाईट व्हावं असं कधी वाटलं?"

"कधीच नाही."

वकील समाधानाने न्यायाधीशांकडे वळले. सासूबाईंचं वाक्य संपलेलं नव्हतं. वाक्य पुरं होण्याआधी उठलेल्या मुलाकडे बघावं तसं त्यांनी वकिलांकडे पाहिलं.

"प्रेम केलं म्हणून तर ती इतक्या लवकर विसरली. मारलं असतं तर तिने लक्षात ठेवलं असतं."

मधल्या न्यायाधीशांनी विचारलं, मुलं का वाटली जात होती हे आपल्याला ठाऊक होतं का?

"होतं. संचालकांनी आम्हा आयांची सभा घेतली होती. म्हणाले, 'एका पिढीत काठ रिकामा होईल आणि रक्ताचा थेंब सांडणार नाही.' आम्ही टाळ्या वाजवल्या."

"ही सभा कुठे झाली?"

"इथेच," सासूबाई म्हणाल्या. "ते तिथे उभे होते, आता आपण बसला आहात तिथे. मी तिसऱ्या रांगेत होते. खुर्च्या याच."

तिसऱ्या रांगेतले दोन पत्रकार नकळत उठून उभे राहिले. दूधसाहेबांनी पाणी घेतलं आणि पहिल्यांदाच शिपायाचे आभार मानायचे राहिले.

हेतू कोणत्या शस्त्रक्रियेने काढायचा, असं मी विचारलं होतं. तो तिसऱ्या रांगेत बसला होता, टाळ्या वाजवत, आणि घरी येऊन हिच्या वेण्या घालत होता. मला माझ्या सासूबाईंबद्दल काय वाटलं पाहिजे, हे मला अजून ठरवता येत नाही. बाहेर आल्यावर त्यांना रिक्षात हात देऊन बसवलं. हात नेहमीसारखाच होता.

३१ मार्च, रविवार

साक्षीदार आजी आज घरी आल्या, सोबत दुभाषी. हिनेच बोलावलं होतं. आजींची धाकटी पाच वर्षांचीच होती, पण त्या वर्षी पाच वर्षांच्या कितीतरी मुली नेल्या. रक्ताची तपासणी करता येते, वकीलबाईंनी सांगितलंय. "नंतर बघू," ही म्हणाली. आजींनीही मान हलवली.

बसल्यावर आजींनी काहीतरी मागितलं. दुभाषी सांगणार, इतक्यात सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "तोच."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो.

"तोच शब्द," म्हणाल्या, आणि पाण्याचं भांडं भरून आणलं. हात लांब करून दिलं, ताबडतोब, अर्धं पाणी सांडत. आजी प्यायल्या. ही तो शब्द तोंडातल्या तोंडात घोळवत होती. मी इथे लिहीत नाही. मला उच्चार जमला नाही, आणि माझ्या लिपीत तो बसेल याची खात्री नाही.

मग दोरी घेऊन ही जमिनीवर बसली. अंगठा, वेढे, तिरका पेच, दातांची ओढ. गाठ आजींपुढे धरली, शाळेतल्या मुलीने पाटी दाखवावी तशी. आजी हसल्या. नखाने गाठ हलकेच सैल केली, हिचं बोट धरून टोक मागून फिरवलं, पहिल्या वेढ्याच्या पोटातून वर काढलं, आणि ओढलं. एवढंच. एक पेच.

"म्हणतात, इथपर्यंत बरोबर शिकवलं होतं कोणीतरी," दुभाषी म्हणाली. "पुढचा पेच दुधाचे दात पडल्यावर शिकवतात."

ही ती गाठ ओढत राहिली. दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून. सुटेना. मग रडायला लागली, आणि दोन्ही म्हाताऱ्या एकदमच पुढे सरकल्या, आणि एकमेकींना बघून दोघी थांबल्या.

चोवीस वर्षं मी त्या गाठीला हसत होतो.

८ एप्रिल, सोमवार

लेख काल आला. निकाल उद्या. व्याख्या, करार, पाच प्रकार, तो बाहीला धरणारा कायदेपंडित, सगळं लिहिलं. मसुद्यातलं बाकी सगळं गळालं तरी पाचवा प्रकार का राहिला, यावर मी एवढंच लिहू शकलो: की ठार न मारताही एखादा समाज संपतो, जेव्हा त्याचा शेवटचा पेच शिकवायला समोर मूल उरत नाही. संपादकांनी हे वाक्य कळत नाही म्हणून काढलं. घरचा चिमटा कुठाय, असंही विचारलं. या वेळी नाही, म्हणालो.

आपल्या सासूबाईंना काय म्हणायचं, हे मात्र कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. हीसुद्धा त्यांना आईच म्हणते, पण हल्ली हाक मारायच्या आधी किंचित थांबते. सासूबाई ते थांबणं ऐकतात. काल मी पुन्हा म्हणालो, लेखावर एक चांगलं पत्र भेटलंय. "मिळालंय," त्या म्हणाल्या. मला इतकं बरं वाटलं की आत जाऊन तोंड धुतलं.

आज दुपारी वारा फार होता. समोरच्यांच्या चादरी रस्त्यावर गेल्या. मी सवयीने धावत गॅलरीत आलो.

माझे सदरे दोरीवरच होते.

आता उद्या निकाल.